‘परभणीत मराठी चालत नाही’ म्हणणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
मराठवाड्यात टॉकीज आणि मल्टिप्लेक्स चालवणारे मालक-मॅनेजर,
तसंच पुण्या-मुंबईत बसून आमच्या गावात कोणता पिक्चर किती वाजता लावायचा ते ठरवणारे वितरक आणि निर्माते

सप्रेम नमस्कार.

कारण आधी सांगते, बाकीचं मग. १ जानेवारी २०२६ ला ‘क्रांतिज्योती विद्यालय मराठी माध्यम’ लागला. मराठी शाळा बंद पडायच्या बेतात आहे आणि तिथं शिकून गेलेली पोरं परत एकत्र येतात असा विषय, सचिन खेडेकर त्यात हेडमास्तर. आमच्या भिशी ग्रुपमधल्या निम्म्या बायका जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्या, दोघी तर अजून तिथंच शिकवतात, त्यामुळं हा पिक्चर सगळ्यांनी मिळून बघायचा हे डिसेंबरातच ठरलं होतं. आणि शो दिला सकाळी साडेनऊचा, कामाच्या दिवशी. शाळेवरचा पिक्चर आणि तो पण शाळेच्या टायमाला! बरं, रविवारी जाऊ म्हणलं. रविवारी नटूनथटून गेलो तर खिडकीवर कळलं आजचा शो कॅन्सल, हिंदीला गर्दी आहे म्हणून तिकडं दिला. मॅनेजर स्वभावानं चांगले आहेत, आवाज न चढवता म्हणाले, ताई, परभणीत मराठी चालत नाही, वरूनच असं येतं. वरून म्हणजे नेमकं कुठून, हे त्यांनाही सांगता येईना. म्हणून हे पत्र खाली पण आणि वर पण, दोन्हीकडं पाठवायले.

मी कोण, तर कॉलेजजवळ माझं झेरॉक्स-स्टेशनरीचं छोटं दुकान आहे. पिक्चर बघणं हा माझा एकुलता एक शौक. मराठी, हिंदी, डब केलेला कन्नड नाहीतर तेलुगू, जे लागंल ते बघते, मालकांना (म्हणजे आमच्या ह्यांना, तुम्हाला नाही) कंटाळा आला तर एकटी जाते. दुकानात कृषी विद्यापीठाची पोरंपोरी प्रोजेक्टच्या प्रिंट काढायला येतात, मशीन गरम होईपर्यंत गप्पा पिक्चरच्याच. त्यामुळं परभणीत कोण काय बघायलंय, कशासाठी नांदेडला जायलंय आणि काय टेलिग्रामवरून उतरवून घ्यायलंय हे तुमच्या कॉम्प्युटरपेक्षा मला जास्त माहिती आहे असं म्हणलं तर राग मानू नका.

आणि मी मराठी आहे म्हणून डोळे झाकून कौतुक करणाऱ्यातली नाही हे पण आधीच क्लिअर करते. वर्षभरात जे बघितलं त्याबद्दल बोलते, म्हणजे तक्रार कशावरून आहे ते कळंल.

‘छावा’पासून सुरू करू. १४ फेब्रुवारी २०२५ ला आला. परभणीत तिकीट मिळंना, खेड्यांतून गाड्या करून माणसं आली, शेवटी पोरं उभी राहून घोषणा द्यायलेत आणि माझ्या बाजूची आजी पदर तोंडाला लावून रडायली. माझं मत विचाराल तर शेवटचा अर्धा तास अंगावर येतो, अक्षय खन्नाचा औरंगजेब कमी बोलून जास्त भीती घालतो, विकी कौशलनं जीव तोडून काम केलंय. पण पहिला अर्धा भाग निस्ता आरडाओरडा. आणि रहमानचं संगीत असंल मोठं, पण या गोष्टीत ते परकं वाटतं, येसूबाईंच्या तोंडची भाषा पण तशीच. एवढं असून टॉकीज भरलं. मराठी राजाची गोष्ट हिंदीत आली तर आमच्याकडं माणसं पण असतात, पैसे पण असतात आणि वेळ पण असतो. मग मराठीत आली की हीच माणसं कुठं जातात, याचा विचार तुम्ही केलाय का?

१ मे ला एकाच दिवशी दोन मराठी आले. ‘गुलकंद’ हसायला बरा होता, सई ताम्हणकर आणि समीर चौघुले ही जोडी वाटली त्यापेक्षा छान जमली, पण तासभराचा विषय सव्वादोन तास ताणलाय असं सारखं वाटत राहिलं. ‘आता थांबायचं नाय’ मात्र मनापासून आवडला. मुंबई महानगरपालिकेचे सफाई कामगार रात्रशाळेत बसून दहावी देतात, खऱ्या घटनेवरचा आहे, आणि भरत जाधव इतका शांत पण असू शकतो हे मला पहिल्यांदाच दिसलं. आमच्या दुकानात सतरा नंबरचा, म्हणजे बाहेरून परीक्षा द्यायचा, फॉर्म भरायला येणाऱ्या चाळिशीतल्या बाया मला त्यात दिसल्या. त्यांना सांगितलं जाऊन बघा म्हणून, तोवर पिक्चर उतरला होता.

जूनमध्ये ‘जारण’. याच्याबद्दल जरा जास्त लिहिते कारण तो बिघडवण्यात तुमचा हात आहे. भुताटकीचा पिक्चर म्हणलं की धाडकन आवाज आणि पांढऱ्या साडीतली बाई, तसला हा नाही, करणी खरी आहे का बाईच्या डोक्यात आहे हे शेवटपर्यंत तुम्हालाच ठरवायचंय. अमृता सुभाष नुसत्या डोळ्यांनी घाबरवते. पण डोळे दिसले तर ना! आमच्याकडचा पडदा इतका अंधुक की रात्रीचा सीन म्हणजे राखाडी धूर, प्रोजेक्टरच्या दिव्याचं आयुष्य वाढावं म्हणून उजेड कमी ठेवतात असं एका पोरानं सांगितलं. त्यात बाजूच्या दाराचा पडदा फाटलेला, बाहेरच्या कॅन्टीनच्या ट्यूबलाइटचा पट्टा बरोब्बर पडद्याच्या डाव्या कोपऱ्यावर. अनिता दाते त्या कोपऱ्यात उभी राहिली की अर्धी पिवळी दिसायची. मधला स्पीकर घुमायचा, सगळा डायलॉग त्याच्यातूनच येतो, तर गाणं स्वच्छ ऐकू येतं आणि माणूस काय बोलायलंय ते नाही. मी खाली जाऊन सांगितलं तर म्हणे मॅडम हिंदीला कोणी तक्रार करत नाही. हिंदीला मारामारी असते हो, तिथं कोण काय बोललं याला कोण विचारतंय.

जुलैत ‘सैयारा’. बरा आहे. गाणी चांगली, पोरगी हळूहळू विसरायला लागते तो भाग जमलाय, नवीन पोरांनी कामं नीट केलीत, बाकी गोष्ट आपण लहानपणापासून बघत आलोय तीच. त्याच दिवशी, १८ जुलैला, ‘येरे येरे पैसा ३’ पण लागला होता आणि ‘सैयारा’साठी त्याचे शो काढले म्हणून मुंबईत मनसेनं आवाज उठवला, बातम्या झाल्या. आमच्याकडं कुणी आवाज उठवला नाही, काढायला शो होताच कुठं!

सप्टेंबरात ‘दशावतार’. दिलीप प्रभावळकर ऐंशीच्या पुढचे, आणि त्या वयात तोंडाला रंग फासून बाबुली मेस्त्री उभा केलाय तो बघून मी घरी आल्यावर पण गप्पच होते. दुसऱ्या भागात गोष्ट सूड-बिडाच्या फिल्मी वळणाला जाते आणि खाणवाले व्हिलन जरा स्वस्तातले झालेत, पण पहिला भाग सोन्यासारखा. इथं मुद्दा असा की पिक्चर मालवणीत आहे. परभणीच्या माणसाला मालवणी कळणार नाही म्हणून पहिल्या दिवशी कसाबसा एक शो दिला होता. लोकांनी एकमेकांना सांगून सांगून तो वाढवायला लावला. पोस्टर पण धड नव्हतं कुठं. मग चालतंय का नाही मराठी?

आणि आता डिसेंबर. ‘धुरंधर’ मला आवडला, खोटं कशाला बोलू. रक्त जरा जास्तच आहे, लहान पोरांना नेता येत नाही, पण साडेतीन तास खुर्चीतून उठावं वाटलं नाही. आता त्या साडेतीन तासांत इंटरव्हल आणि जाहिराती मिळवा, झाला चार तासांचा एक शो. एका पडद्यावर दिवसात तीन शोच्या वर नीट बसत नाहीत, चौथा बसवायचा तर रात्री उशिरा. मग कात्री कुणाला, तर मराठीला, त्याला उरतो सकाळी नऊ-साडेनऊचा उंबरठा. १२ डिसेंबरला ‘शोले’ परत लावला, नवीन ४के करून, ठाकूर गब्बरला मारतो त्या मूळ शेवटासकट. धर्मेंद्र नुकतेच गेले होते, मी स्वतः गेले आणि रडून आले, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याच १२ तारखेला क्षितिज पटवर्धनचा ‘उत्तर’ लागला, रेणुका शहाणे आई, तो माझ्या गावात एकदाही दिसला नाही. पन्नास वर्षांपूर्वीच्या पिक्चरला जागा निघते आणि कालच तयार झालेल्याला निघत नाही, हे कोणत्या हिशोबात बसतं?

हे झालं वर्ष. आता माझ्या तक्रारी.

सगळ्यात मोठी तक्रार टायमाची. सकाळी साडेनऊला परभणीत पिक्चर कोण बघतं? शाळा-कॉलेज, ऑफिस, दुकान, शेत, सगळ्याची वेळ तीच. बायांचा तर डब्याचा आणि धुण्याचा टाइम. तुम्ही त्या वेळेला शो लावता, सहा माणसं येतात, मग सहा माणसांचा आकडा वर पाठवता आणि वरचे म्हणतात बघा, मराठवाड्यात प्रतिसाद नाही. म्हणजे पाहुण्याला उंबऱ्यावर उभं ठेवायचं आणि वर म्हणायचं की जेवलाच नाही. २०१५ मध्ये सरकारनं मल्टिप्लेक्समध्ये मराठीला प्राइम टाइम द्यायचा ठरवला होता, आधी संध्याकाळी ६ ते ९ म्हणले, मग तुमच्या लोकांनी कुरकुर केल्यावर दुपारी १२ ते रात्री ९ केलं. बरं, दुपारी बारा तरी द्या. साडेनऊ हे १२ ते ९ मध्ये कुठल्या घड्याळानं बसतं?

दुसरी तक्रार धंद्याचीच आहे, आणि मी पण धंदा करते म्हणून विचारायले. २००९ मध्ये हिंदीचे निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यात संप झाला आणि मग वाटा ठरला, पहिल्या आठवड्यात निर्मात्या-वितरकाला ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि त्याच्यापुढं ३०. म्हणजे पिक्चर जितका जास्त दिवस टिकंल तितका टॉकीजवाल्याचा वाटा वाढतो. मराठी पिक्चर तर टिकूनच चालतो. त्याला पहिल्या दिवशी गर्दी नसते, बघून आलेली बाई शेजारणीला सांगते, शेजारीण नणंदेला, दुसऱ्या आठवड्यात खरी गर्दी. ‘बाईपण भारी देवा’ आठवा, ३० जून २०२३ चा, बाया गॉगल लावून घोळक्यानं टॉकीजला जायल्या होत्या, ती काय पहिल्या शुक्रवारची जाहिरातबाजी होती का? असं असताना तुम्ही सोमवारीच पिक्चर उतरवता. तुमचाच वाटा वाढायच्या आधी. मला सांगा कामून?

यावर एका ओळखीच्या ऑपरेटरनं उत्तर दिलं, की मोठ्या हिंदीवाल्याची अट असते, पिक्चर पाहिजे तर सगळे शो आम्हालाच द्या, नाहीतर घेऊ नका, आणि एका पडद्याचं टॉकीज असलं की मालकाला मान खाली घालावी लागते. हे खरं असंल तर ते मालकांनी उघड बोलावं. आम्ही तुमच्याच बाजूनं बोलू. पण ते न बोलता ‘इथली माणसंच मराठी बघत नाहीत’ म्हणून आमच्यावर ढकलू नका.

तिसरं, कॅन्सल करायची पद्धत. मोबाईलवर शो दिसतो, पैसे कापले जातात, रिक्षानं जावं तर सांगतात दहा माणसं झाल्याशिवाय लावत नाही. तिकिटाचे पैसे परत येतात, कन्व्हिनियन्स फी येत नाही, रिक्षाचे तर विचारूच नका. सोय तुमची आणि त्याची फी माझी! ऊन डोक्यावर घेऊन सेलू-मानवतहून माणसं येतात, त्यांना काय सांगायचं?

छोट्या गोष्टी पटकन सांगते. २२ सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, आमच्याकडचं बाल्कनी सोडून सगळं तिकीट शंभराच्या आतलं, तरी एक रुपया कमी झाला नाही. बाहेरचं खाणं आणू न देण्याचा तुमचा अधिकार सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२३ मध्ये मान्य केला, मी पण मान्य करते, पर्समधून शेंगदाण्याचे लाडू नेणं बंद केलं, पण त्याच निकालात प्यायचं पाणी फुकट ठेवा आणि तान्ह्या लेकराचं खाणं आणू द्या असंही आहे. आमच्याकडं कूलर आहे, कूलरला नळ आहे, नळाला पाणी नाही. आणि जाहिराती! पंचवीस मिनिटं जाहिराती दाखवल्या म्हणून बंगळुरूच्या ग्राहक आयोगानं २०२५ मध्ये एका मोठ्या साखळीला दंड केला होता, पुढं प्रकरण हायकोर्टात गेलं. आमच्याकडं जाहिराती एवढ्या नसतात, उलट शो वेळेच्या आधीच सुरू करून टाकतात कधीकधी. बायकांच्या बाथरूमबद्दल इथं लिहीत नाही, जेवणाच्या वेळेला वाचत असाल.

आता वितरकांनो, तुमच्याकडं वळते. हिंदी सिनेमाच्या वितरणाचा जो जुना नकाशा आहे त्यात आम्ही मुंबई सर्किटमध्ये, म्हणजे मुंबईच्या विभागात, नाही. विदर्भ ‘सीपी-बेरार’ मध्ये आणि मराठवाडा ‘निझाम’ सर्किटमध्ये, तेलंगणाबरोबर. १७ सप्टेंबर १९४८ ला आम्ही निझामातून सुटलो, दरवर्षी झेंडा लावतो, भाषणं करतो, आणि तुमच्या धंद्याच्या वहीत अजून तिथंच आहोत. मला यात नुसती गंमत वाटली असती, पण मराठी पिक्चरच्या बाबतीत पण आम्ही कुणाच्याच हद्दीत नसल्यासारखं चाललंय. पुणे झालं, नाशिक झालं, कोल्हापूर-सांगली झालं, मराठवाड्यात फारच झालं तर संभाजीनगर. त्याच्या पुढं जालना, परभणी, हिंगोली, बीड, धाराशिव ही गावं नाहीतच जणू. जगात जर्मनी भारतात परभणी म्हणतो आम्ही, हसून म्हणतो, पण तुमच्या लिस्टमध्ये जर्मनी असते हो, परदेशातल्या मंडळांचे शो असतात, परभणी नसते.

‘स्थळ’ मी पुण्याला बहिणीकडं गेले तेव्हा बघितला. विदर्भातलं खेडं, पोरगी बघायचे कार्यक्रम, परत तेच प्रश्न, नाव काय, शिक्षण काय, उंची किती, पाट, चहा, पोहे, आणि बाप कापसाच्या भावाकडं डोळे लावून बसलेला. नट सगळे तिथलेच, नट वाटतच नाहीत. माझ्या दुकानात बायोडाटा टाइप करायला ज्या पोरी येतात त्यांनी हा पिक्चर बघायला पाहिजे होता, आणि त्यांच्या आयांनी त्यांच्याआधी. कापूस आमच्याकडं पण पिकतो, पोरी बघायचे कार्यक्रम पण तसेच, पिक्चर तेवढा आला नाही. ‘साबर बोंडा’ला अमेरिकेत सनडान्स फिल्म फेस्टिव्हलमध्ये २०२५ चं मोठं ज्युरी पारितोषिक मिळालं, बाप गेल्यावर गावाकडं दहा दिवस घालवणाऱ्या पोराची गोष्ट, दोन पुरुषांतलं प्रेम आहे त्यात. आमच्याकडं ‘झेपणार नाही’ म्हणून आणला नसंल. कोणी ठरवलं? दहा दिवसाचं सुतक, ओट्यावर बसलेली भावकी, लग्न कधी करतो म्हणून पोराच्या मागं लागलेल्या आत्या, हे झेपायला आम्हाला काय शिकवणी लागते का? आणि ‘गोंधळ’! नोव्हेंबरात त्याच्या दिग्दर्शकाला, संतोष डावखरांना, गोव्याच्या इफ्फी फिल्म फेस्टिव्हलमध्ये रौप्य मयूर पुरस्कार मिळाला, संगीत इळैयराजांचं. ज्या आईच्या नावानं गोंधळ घालतात ती तुळजापूरची, म्हणजे आमच्या धाराशिव जिल्ह्यातली. लग्न झालं की आमच्यात आजही गोंधळ घालतात, संबळ वाजायला लागलं की म्हाताऱ्या बाया आपोआप डोलतात. तो पिक्चर मी अजून बघितलेला नाही. पेपरात फोटो बघितला.

चोखंदळ प्रेक्षक मराठवाड्यात नाही असं म्हणणार असाल तर जानेवारीत संभाजीनगरला अजिंठा-वेरूळ फिल्म फेस्टिव्हलला येऊन बघा, इराणी, कोरियन पिक्चरला पोरं रांग लावून उभी असतात, २०२५ ला सई परांजपेंना तिथं पद्मपाणी पुरस्कार दिला. त्यातली कितीतरी पोरं आमच्याच जिल्ह्यांतून शिकायला गेलेली. परत गावाकडं आली की तीच पोरं मोबाईलवर चोरून उतरवलेली प्रिंट बघतात, ज्यात मधूनच कुणाचं तरी डोकं आडवं जातं. पायरसीच्या विरोधात तुमची भाषणं ऐकते मी, पण दुकानात मालच नसंल तर गिऱ्हाईक काय करणार.

निर्मात्यांना आणि दिग्दर्शकांना एक वेगळं सांगायचंय. ‘पुन्हा शिवाजीराजे भोसले’ ३१ ऑक्टोबरला आला. शेतकऱ्यांच्या आत्महत्येवरचा विषय. त्याच्या आधीचा सप्टेंबर आमच्याकडं कसा गेला ते तुम्हाला माहिती आहे, गोदाकाठ, सिंदफणा, मांजरा, सगळीकडं पाणीच पाणी, सोयाबीन शेंगेतच उगवलं, जमीन खरडून गेली. दिवाळी काळी गेली. सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल, कागदावर. अशा वेळी हा पिक्चर ज्यांच्यावर आहे त्यांच्यात येऊन दाखवायला पाहिजे होता, एखादा शो गंगाखेडला, पाथरीला, मार्केट कमिटीच्या आवारात पडदा लावून. नाही झालं. पिक्चरबद्दल मत विचाराल तर तळमळ खरी आहे, सिद्धार्थ बोडके शोभतो, पण भाषणं लई आहेत, शेतकरी बोलण्याआधी महाराजच बोलून मोकळे होतात. शेतकऱ्याच्या बायकोला दोन सीन जास्त दिले असते तर बरं झालं असतं, कर्ज शेवटी तिच्याच गळ्यात पडतं.

आणि आमची भाषा. ‘दशावतार’मध्ये मालवणी चालली, ‘स्थळ’मध्ये विदर्भातली बोली चालली. मराठवाडी मात्र आली की कॉमेडी. मकरंद अनासपुरेंनी ती पडद्यावर आणली, त्याबद्दल त्यांचे उपकारच आहेत, पण त्यांच्यानंतर सगळ्यांना वाटायलंय की ‘कामून’ म्हणलं की माणूस येडपटच असला पाहिजे. आमच्याकडं याच भाषेत माणसं मरतात, रडतात, कोर्टात साक्ष देतात, पोरीला सासरी पाठवतात. एखादा गंभीर पिक्चर या बोलीत करा की. आणि करताना सातारा-कोल्हापूरकडचं ‘जातुया, खातुया’ घालून मराठवाडी म्हणून खपवू नका, पहिल्या पाच मिनिटांत पकडतो आम्ही.

मागण्या साध्या आहेत, पैसे कुणाचेच जास्त लागणार नाहीत.

नवीन मराठी पिक्चर लागला की पहिले दहा दिवस रोज एक शो दुपारी तीन ते रात्री नऊच्या मधे द्या, आणि शनिवार-रविवार तो कुणासाठीही काढू नका. त्यानंतर नाही चालला तर उतरवा, मी एक शब्द बोलणार नाही. वाईट पिक्चर चालवा असं माझं म्हणणंच नाही.

विकलेलं तिकीट म्हणजे शब्द दिलेला असतो. शो रद्द करायचा तर चार तास आधी मेसेज करा आणि फीसकट सगळे पैसे परत द्या.

ग्रुप बुकिंगसाठी एक फोन नंबर ठेवा, जो कोणीतरी उचलंल. पंचवीस-तीस बाया एकदम यायला तयार असतात, भिशीचे, बचत गटाचे, हळदीकुंकवाचे ग्रुप गल्लोगल्ली आहेत, त्यांना विचारायला तुमच्याकडून कधी कोणी आलेलं नाही. विचारलंत तर साडेनऊचा शो पण भरून दाखवू, संक्रांतीच्या सुट्टीत.

वितरकांनी मराठवाड्याच्या प्रत्येक जिल्ह्याच्या गावाला निदान एक आठवडा पिक्चर पाठवावा. आता काही पत्र्याच्या डब्यातून रिळं एसटीनं पाठवायची नाहीत, कॉम्प्युटरची फाइल आणि ती उघडायची डिजिटल किल्ली पाठवायची आहे. आणि ज्या मराठी पिक्चरला शासनाचं अनुदान मिळतं, म्हणजे माझ्या पण पैशानं, तो राज्याच्या प्रत्येक जिल्ह्यात दाखवल्याशिवाय अनुदानाचा शेवटचा हप्ता देऊ नये, ही मागणी मी सांस्कृतिक कार्य विभागाला वेगळी लिहायले, त्याची प्रत तुम्हाला पण देईन.

पडद्याचा उजेड पूर्ण ठेवा, मधला स्पीकर दुरुस्त करा, दाराचा पडदा शिवून घ्या. पडदा शिवायला माणूस मिळत नसंल तर आमच्या गल्लीत आहे.

मार्चमध्ये परीक्षा सुरू व्हायच्या आत यातलं एक जरी झालं तरी कळवा. ग्रुप बुकिंगचा नंबर तिकीट खिडकीवर लावला की मी त्याचा फोटो काढून सगळ्या भिशी ग्रुपवर टाकते, आणि दुकानाच्या काचेवर प्रिंट काढून चिकटवते, त्याचे पैसे घेत नाही.

कळावे,
आपली
परभणीची एक प्रेक्षक